रस्ता खाली, पाणी वर

नेदरलँड्समधल्या हार्डरवाइक गावाजवळचे एक छायाचित्र बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले असते. दोन्ही बाजूंना सरोवराचे निळे पाणी, मधून धावत येणारा रस्ता. हा रस्ता पाण्यापाशी येऊन खाली उतरतो, एका रुंद पन्हळीखालून जातो आणि पलीकडे पुन्हा वर येतो. पन्हळीतून शिडाची बोट चाललेली असते आणि तिच्या तळाखालून गाड्या जात असतात. हा वेलुवेमेअरचा जलसेतू. २००२ साली तो वाहतुकीला खुला झाला. लांबी २५ मीटर, रुंदी १९ मीटर, पाण्याची खोली ३ मीटर. खालच्या एन-३०२ रस्त्यावरून दिवसाला सुमारे २८ हजार वाहने जातात. पादचाऱ्यांसाठी पाण्याच्या दोन्ही कडांना पायवाटा आहेत.

लोक हे चित्र अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणून एकमेकांना पाठवतात. कौतुक योग्यच आहे. पण बांधकामापेक्षा त्यामागचा निर्णय मला मोलाचा वाटतो. दोन वाटा एकमेकींना छेदतात तेव्हा एकीला वाकावे लागते. गेल्या शंभर वर्षांत जगभर बहुतेक ठिकाणी पाण्यालाच वाकवले गेले. कालवे रस्त्याखालच्या पाइपवजा मोऱ्यांमध्ये कोंबले, बुजवले, नाहीतर ठेंगण्या पुलांखाली अडवून ठेवले. वेलुवेमेअरला रस्ता वाकला. माझे म्हणणे असे की हाच नियम असायला हवा. जो नंतर आला त्याने वाट काढावी आणि त्याचा खर्चही त्यानेच सोसावा. आणि हे ठरवताना ‘आज इथून किती बोटी जातात?’ हा एकच प्रश्न विचारू नये, कारण त्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आपणच आधी ठरवून ठेवलेले असते.

आधी एक भीती बाजूला ठेवू. पाण्याने भरलेला पूल, त्यावर बोट, आणि खाली आपली गाडी, हे ऐकून पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. जड बोट आली की पूल वाकेल असे वाटते. तसे होत नाही. तरंगणारी बोट स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. काठोकाठ भरलेल्या बादलीत लाकडाचा ठोकळा सोडला तर तेवढ्याच वजनाचे पाणी बाहेर सांडते आणि बादली होती तेवढीच जड राहते. पन्हळीतले बाजूला सरलेले पाणी दोन्हीकडच्या सरोवरात किंवा कालव्यात पसरते. वेलुवेमेअरच्या मापांचा साधा गुणाकार केला तर पन्हळीत सव्वाचौदाशे टनांच्या आसपास पाणी भरते. बोट असो वा नसो, पुलावरचा भार तेवढाच. रस्त्याच्या पुलावर कधी दोन दुचाकी असतात, कधी वाळूच्या ट्रकांची रांग, आणि भार सतत बदलत असतो. जलसेतूचा भार पहिल्या दिवशी ठरतो आणि जवळजवळ तसाच राहतो. फक्त बाजूला सरणाऱ्या पाण्याला मागे वाहायला जागा ठेवावी लागते, नाहीतर अरुंद पन्हळीत बोट पुढे सरकता सरकत नाही. वेल्समधला पोंटकसिल्टे जलसेतू १८०५ साली टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांनी डी नदीवर ३८ मीटर उंचावर बांधला. त्यात बोट ओढणाऱ्या घोड्यांची वाट लोखंडी पन्हळीच्या आत, पाण्याच्या वर बसवलेली आहे. पाणी त्या वाटेखालून मागे सरकते. म्हणजे ही विद्या दोनशे वर्षांहून जुनी आहे. अडचण विद्येची कधीच नव्हती.

आता पर्याय पाहू. पाण्यावरून रस्ता न्यायचा झाला तर उंच पूल बांधता येतो. पण शिडाच्या बोटीची डोलकाठी वीस-पंचवीस मीटर उंच असू शकते. ती खालून जायची तर दोन्ही बाजूंना लांबच लांब चढ लागतात. सपाट प्रदेशात त्यांनी कितीतरी जमीन खाल्ली असती आणि क्षितिजही झाकले असते. दुसरा पर्याय उघडता पूल. तो स्वस्त आहे आणि कमी रहदारीच्या रस्त्याला अगदी योग्यही. पण रहदारी वाढली की तो दोन्ही बाजूंना छळतो. पूल उघडला की गाड्यांची रांग लागते. रांग नको म्हणून गर्दीच्या वेळी तो उघडतच नाहीत, मग बोटी खोळंबतात. नेदरलँड्समध्ये उंच डोलकाठीच्या बोटींसाठी देशाच्या दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत जाणारा एक मार्ग राखलेला आहे. त्यावरच्या बोटींना ॲमस्टरडॅम शहर रात्री ताफ्याने पार करावे लागते, कारण दिवसा रस्ते आणि रेल्वे अडवणे परवडत नाही. तिसरा पर्याय खोल भुयाराचा. मोठ्या जहाजांच्या वाटेखाली तो लागतोच. वेलुवेमेअर मात्र उथळ आहे. तिथल्या बोटींना तीन मीटर पाणी पुरते. त्यामुळे रस्त्याला फार खोल जावे लागले नाही आणि झाकलेला भागही आखूड राहिला. सगळा हिशेब मांडला तर जलसेतू हा तिथला सरळ, शहाणा पर्याय होता. तरीही तो निवडला गेला याचे कारण केवळ हिशेबात सापडत नाही. ते जमिनीच्या इतिहासात आहे.

१९३२ साली डचांनी आफस्लाउटडाइक हा बांध घालून झाउडरझे हा समुद्राचा फाटा बंद केला आणि आत एकेक करून शेतजमिनी उपसून काढल्या. त्यातली नोर्डओस्टपोल्डर ही जमीन १९४२ साली कोरडी झाली. ती जुन्या किनाऱ्याला थेट चिकटवली होती. परिणाम असा झाला की नवी जमीन खोल असल्याने जुन्या किनाऱ्याखालचे भूजल तिच्याकडे झिरपू लागले आणि शेजारची जुनी शेते सुकायला लागली. पुढची फ्लेवोलँडची जमीन काढताना हा धडा ध्यानात ठेवला गेला. १९५७ साली पूर्व भाग आणि १९६८ साली दक्षिण भाग कोरडा झाला, पण नव्या-जुन्या जमिनीच्या मध्ये पाण्याचा पट्टा मुद्दाम सोडला. वेलुवेमेअर हे त्या पट्ट्यातलेच एक सरोवर. वरवर पाहता हे निरुपयोगी पाणी होते. मातीचा भराव टाकून रस्ता सरळ नेला असता तर पैसा वाचला असता आणि त्या दिवशी कोणाची तक्रारही आली नसती. पण त्या लोकांनी एकदा अनुभव घेतला होता की ‘निरुपयोगी’ पाणी काढून टाकल्याची किंमत दुसरीकडे, दुसऱ्याच्या शेतात भरावी लागते. पाणी सलग ठेवायचे हे आधी ठरलेले होते. रस्त्याचा प्रश्न त्यानंतर आला.

इथे एक आक्षेप हमखास येतो: डचांचे वेगळे आहे. त्यांची जमीन पाण्याच्या खालीच आहे, रस्ता आपोआप खाली असतो, आणि देश श्रीमंत आहे. पहिल्या भागात तथ्य आहे. हार्लेमरमेअर हे मोठे सरोवर १८५२ साली उपसून कोरडे केले गेले आणि त्याभोवतीचा कालवा शेतांपेक्षा उंच राहिला. १९६१ साली ए-४ महामार्ग त्या कालव्याखालून काढला तेव्हा भूगोलाने निम्मे काम आधीच करून ठेवले होते. म्हणून मी पुढचे उदाहरण मुद्दाम अशा देशातले घेतो जिथे ही सोय नव्हती, पैसाही सैल नव्हता, आणि जिथे एकाच कालव्यावर दोन्ही प्रकारचे निर्णय घेतले गेले. स्कॉटलंडचा युनियन कालवा.

एडिंबरा ते फॉलकर्क असा सुमारे ५१ किलोमीटरचा हा कालवा १८२२ साली सुरू झाला. डोंगरउतारांना धरून तो जवळपास सगळा एकाच पातळीवरून नेला आहे. फॉलकर्कला तो दुसऱ्या, देशाच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणाऱ्या जुन्या फोर्थ-क्लाइड कालव्याला मिळत असे आणि तिथून ग्लासगोला जाता येई. रेल्वे आल्यावर दोन्हींची रया गेली. फोर्थ-क्लाइड १९६३ साली बंद झाला. त्या निर्णयात कासलकॅरीजवळच्या रस्त्याच्या कामाचा मोठा वाटा होता, कारण कालवा चालू ठेवायचा तर त्यावर बोटी जाऊ शकतील असा पूल बांधावा लागला असता. रस्त्याच्या एका पुलाचे पैसे वाचावेत म्हणून समुद्राला समुद्र जोडणारी वाट बंद करण्याचा हा प्रकार मला आजही अस्वस्थ करतो. १९६५ साली युनियन कालवाही अधिकृतपणे बंद झाला. मग एडिंबऱ्याच्या वेस्टर हेल्स भागात घरांची वसाहत उभी राहिली आणि तिथला कालवा पाइपात घालून बुजवला गेला. पुढे एम-८ महामार्गानेही तो तोडला. या प्रत्येक निर्णयामागे तेच कारण होते: इथून बोटी जातच नाहीत.

आणि मग १९८७. एडिंबरा शहराला वळसा घालणारा महामार्ग बांधला जात होता आणि तो वेस्टर हेल्सच्या अगदी जवळ युनियन कालव्याला छेदत होता. कालवा बंद पडून वीस वर्षे उलटली होती. आरपार जाणारी एकही बोट नव्हती. पूर्वेला थोड्याच अंतरावर कालवा जमिनीत गाडलेला होता. वाहतुकीचा आकडा पाहिला तर उत्तर शून्य. तरीही तिथे मोरी टाकली नाही. सुमारे ८९ मीटर लांब, चार मीटरहून थोडी अधिक रुंद आणि दीड मीटर खोल असा जलसेतू बांधून कालवा महामार्गावरून नेला.

या जलसेतूला स्कॉटिश अभियंते जॉन स्कॉट रसेल यांचे नाव आहे. १८३४ साली याच परिसरात कालव्याच्या काठी ते घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या एका बोटीचे निरीक्षण करत होते. बोट एकदम थांबली, पण तिच्यापुढची पाण्याची एकच गोल लाट न मोडता, न विरता पुढे धावत गेली. रसेल घोड्यावर बसून तिच्यामागे मैल-दोन मैल गेले. त्यांनी टिपलेल्या त्या एकट्या लाटेचे गणित पुढे खूप उशिरा उलगडले आणि आज प्रकाशतंतूंतून जाणाऱ्या स्पंदांच्या अभ्यासातही ते उपयोगी पडते. १९९५ साली देशोदेशीचे शास्त्रज्ञ या जलसेतूवर जमले आणि त्यांनी ती लाट पुन्हा उठवून दाखवली. त्या वेळीही कालवा आरपार वाहतुकीला बंदच होता. रहदारीच्या कोणत्याही तक्त्यात न बसणारा हा उपयोग आहे. पाणी सलग राहिले म्हणून तो शक्य झाला.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटी स्कॉटलंडने दोन्ही कालवे पुन्हा उघडायचे ठरवले. त्यावर ८ कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला. त्यातला मोठा हिस्सा कशावर गेला? आधी ज्या-ज्या ठिकाणी ‘बोटी नाहीत’ म्हणून पाणी अडवले होते ते सगळे मोकळे करण्यावर. वेस्टर हेल्समध्ये वसाहतीच्या मधून सुमारे १.७ किलोमीटर कालवा नव्याने खणावा लागला आणि त्यावर नवे पूल बांधावे लागले. एम-८ खाली बोटींना वाट करून द्यावी लागली. फोर्थ-क्लाइडवरही ठेंगणे पूल आणि मोऱ्या काढून नवी वाट करावी लागली. शहराला वळसा घालणाऱ्या महामार्गापाशी मात्र काहीच करावे लागले नाही, जलसेतू तयार होता. २००१ साली कालवे खुले झाले, आणि २००२ साली फॉलकर्कला बोटींना २४ मीटर वर-खाली नेणाऱ्या फिरत्या चाकाने ते एकमेकांना जोडले गेले. आज लोक ते चाक पाहायला दुरून येतात, आणि ते योग्यच आहे. मी मात्र म्हणेन की त्या चाकाइतकेच श्रेय १९८७ मध्ये शून्य बोटींसाठी पन्हळ बांधणाऱ्या निनावी अधिकाऱ्यांना आणि ती लावून धरणाऱ्या कालवाप्रेमींना द्यावे.

आकडेमोडीच्या युक्तिवादातली खोट इथे स्पष्ट दिसते. रस्त्याच्या आराखड्यात पाण्यावरची वाहतूक मोजतात आणि ती कमी आहे म्हणून वाट बंद करतात. पण जलमार्गाची किंमत त्याच्या सलगपणात असते. पन्नास किलोमीटरच्या कालव्यात मध्ये एक मोरी टाकली की कालव्याची एक टक्का जागाही जात नाही, पण प्रवास संपतो. बोटीला गल्लीबोळातून वळसा घालता येत नाही. रस्ता बंद झाला तर वाहन दुसऱ्या रस्त्याने जाते, त्यामुळे रस्त्याची सवय असलेल्या डोळ्यांना ही हानी दिसत नाही. मग पुढच्या रस्त्याच्या वेळी पुन्हा मोजणी होते. आता बोटी खरोखरच नसतात, आणि मागची मोरी पुढच्या मोरीचे समर्थन करते. युनियन कालव्यावर नेमके हेच घडत गेले होते.

तूलूझजवळ फ्रेंचांनी हा फेरा वेळीच टाळला. कनाल द्यु मिदी हा सतराव्या शतकात रिके यांनी बांधलेला कालवा. १९८३ साली तिथे चौपदरी रस्ता आडवा आला तेव्हा कालव्यावरची मालवाहतूक अखेरच्या घटका मोजत होती. तरीही एर्बेत नावाचा जलसेतू बांधून पन्हळीतून कालवा रस्त्यावरून नेला. १९९६ साली हा कालवा जागतिक वारसा यादीत गेला आणि आज तो प्रवासी बोटींनी गजबजलेला असतो. १९८३च्या आकड्यांवर विसंबून तिथे मोरी टाकली असती तर वारसा यादीत तुकडे केलेला कालवा गेला असता, किंवा गेलाच नसता.

‘हे सगळे हौशी लोकांच्या सहलीसाठी’ असेही म्हटले जाते. सहल ही तुच्छ गोष्ट आहे असे मी मानत नाही. महामार्गावर शनिवार-रविवारी धावणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी सहलीलाच निघालेल्या असतात आणि त्यांच्यासाठी उड्डाणपूल बांधताना हा प्रश्न कोणी काढत नाही. शिवाय पाणी केवळ हौसेसाठी नाही. बेल्जियममध्ये ला लूव्हिएरजवळ २००२ साली खुला झालेला सार जलसेतू ४९८ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद आहे. त्याचे वजन सुमारे ६५ हजार टन. दरी आणि तिच्यातले रस्ते ओलांडणारी ही पन्हळ १३५० टन मालाच्या बोटींसाठी आहे. पंचवीस टनी ट्रकांच्या हिशेबाने अशी एक बोट म्हणजे चोपन्न ट्रक. ते चोपन्न ट्रक खालच्या चौकात आले नाहीत, हा रस्त्याचाही फायदाच आहे.

नंतर येणाऱ्याने जुन्या वाटेची काळजी घ्यावी, ही कल्पना काही आजच्या पर्यावरणवाद्यांनी काढलेली नाही. मँचेस्टरजवळ बार्टन येथे १७६१ साली ब्रिजवॉटर कालवा अर्वेल नदीवरून दगडी जलसेतूने नेला होता. १८९०च्या दशकात समुद्री जहाजांसाठी मोठा कालवा खणताना ती कमान आड आली. जहाजकालव्याच्या कंपनीने ब्रिजवॉटर कालवा आधीच विकत घेतलेला होता. तो तोडून टाकायला तिला कोण अडवणार होते? तरी तिने एडवर्ड लीडर विल्यम्स यांच्या आराखड्याप्रमाणे फिरता जलसेतू बांधला. दोन्ही टोकांची दारे बंद करून आठशे टन पाण्यासकट तो सगळा सांगाडा आडवा फिरतो, जहाज जाते, मग तो पुन्हा जागेवर येतो आणि जुन्या कालव्याच्या बोटी जातात. १८९४ पासून तो तिथे आहे. व्हिक्टोरियन काळातल्या नफा पाहणाऱ्या कंपनीला जे जमले ते करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या आजच्या रस्ते खात्यांना जमू नये, हे मला पटत नाही.

सर्वांत अवघड उदाहरण लिचफील्डचे. इंग्लंडमधला हा छोटा कालवा १९५४ साली सोडून दिला गेला. पुढे तो जागोजागी बुजला. स्वयंसेवकांची एक संस्था तो पुन्हा खणायला निघाली, आणि नेमका त्या वाटेवर एम-६ टोल महामार्ग आला. रस्ता वाहता झाल्यावर त्यावर पन्हळ चढवायची तर महामार्ग बंद ठेवावा लागेल, आणि त्याचा खर्च कोणत्याही स्वयंसेवी संस्थेला पेलणार नाही. म्हणून त्यांनी अभिनेते डेव्हिड सूशे यांच्या नावे आवाहन करून लोकांकडून वर्गणी जमवली आणि २००३ साली, महामार्ग सुरू होण्याआधी, पोलादी पन्हळ बसवून घेतली. दोन्ही टोकांना कालवाच नव्हता. खालून जाणाऱ्या लाखो चालकांना ती कोरडी पन्हळ दिसली आणि ‘कुठेच न जाणारा पूल’ म्हणून तिची गणना झाली.

पैसा वाया गेला का? मला वाटते, नाही. तेव्हा ती बसवली म्हणून पुढचा निर्णय शिल्लक राहिला. न बसवली असती तर महामार्गाच्या ठेकेदाराने नकळत तो कायमचा घेऊन टाकला असता. माझी तक्रार वेगळी आहे. ती वर्गणी काढण्याची पाळी त्या लोकांवर यायला नको होती. जुनी वाट नव्याने छेदणारा महामार्ग होता. पन्हळीचा खर्च महामार्गाच्या एकूण खर्चात नगण्य ठरला असता, आणि छोट्या संस्थेला मात्र तो डोंगराएवढा होता.

आता माझ्याच बाजूतल्या अडचणी. जलसेतू हा फुकटचा निसर्गस्नेह नाही. वेलुवेमेअरच्या कामात सुमारे २२ हजार घनमीटर काँक्रीट गेले. एवढ्या सिमेंटचा कार्बन दुर्लक्ष करण्याजोगा नाही. दुसरे, पाण्याखाली उतरलेला रस्ता ही कायमची जबाबदारी असते. पावसाचे पाणी खळग्यात साचते, म्हणून पंप अखंड तयार लागतात. जोडांतून झिरप होते. आणि रस्त्याखालचे भूजल सगळा सांगाडा वर ढकलत असते. फ्रीसलँड प्रांतात १९७८ सालचा प्रिन्सेस मार्ग्रीट बोगदा आहे. त्यावरून मालवाहू बोटींचा कालवा जातो आणि खालून ए-७ महामार्ग. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या उतारावरच्या तळाचा एक भाग पाण्याच्या दाबाने वर उचलला गेला, कारण तळाला जमिनीत धरून ठेवणारे खांब निकामी झाले होते. महामार्ग अनेक आठवडे बंद पडला आणि वजन टाकून तळ दाबून धरावा लागला. बांधून चाळीस-पंचेचाळीस वर्षे झालेल्या कामाची ही गत. ज्या सरकारला फीत कापायला आवडते पण खांब तपासायला पैसे द्यायला आवडत नाहीत, त्याने हे काम हाती घेऊ नये.

म्हणून सगळीकडे जलसेतूच बांधा असे मी म्हणत नाही. गावच्या दुय्यम रस्त्याला उघडता पूल पुरतो आणि पूल उघडेपर्यंत पाच मिनिटे थांबण्यात काही बिघडत नाही. जिथे डोलकाठीच्या बोटी कधी नव्हत्या, फक्त ठेंगण्या होड्या जातात, तिथे चार मीटर उंचीचा साधा पूल उत्तम. वाट खुली ठेवायला हवी, साधन जागेप्रमाणे निवडावे. पण रस्ता गर्दीचा असेल आणि उंच बोटींची वाट छेदत असेल तर जलसेतूचा विचार पहिल्या आराखड्यातच व्हावा. महामार्ग खणला जात असतो तेव्हा तिथे ना गाड्या असतात ना पर्यायी रस्त्याची गरज. खड्डा तसाही खणायचा असतो. तीच पन्हळ दहा वर्षांनी चढवायची तर खर्च कितीतरी वाढतो, आणि मग ‘परवडत नाही’ हे उत्तर खरे होऊन बसते.

नेदरलँड्सनेही सगळे एका दिवसात केले नाही. गौडाजवळ ए-१२ वर १९८१ साली, फ्रीसलँडमध्ये ए-३२ वर १९९३ साली जलसेतू झाले, आणि माउडनला तर २०१६ साली फेख्त नदी रुंद ए-१ महामार्गावरून नेली गेली. आधी जिथे महामार्गाने पाण्याला दाबले होते तिथेही नंतर चूक दुरुस्त करता येते, फक्त ती महाग पडते. ब्रिटननेही हळूहळू धडा घेतला. मिल्टन कीन्सला १९९१ मध्ये आणि सेमिंग्टनला २००४ मध्ये नवे रस्ते चालत्या कालव्यांच्या खालून काढले गेले.

खरा अडथळा खात्यांच्या रचनेत आहे. रस्ते खाते रस्त्याचे अंदाजपत्रक करते. त्यात चालकाचा वाचलेला प्रत्येक मिनिट पैशात मोजून फायद्याच्या बाजूला लिहितात. बोटीतल्या माणसाचे खोळंबलेले दोन तास कुठेच लिहिले जात नाहीत, आणि तुटलेल्या कालव्याच्या काठावरची पायवाट, मासे, खानावळ, बोटींची दुरुस्ती करणारा कारागीर यांचा तोटा तर कोणत्याच वहीत येत नाही. जलमार्ग खात्याला सहसा फक्त हरकत नोंदवण्याचा अधिकार असतो, नकाराचा नाही. हा अधिकार त्याला कायद्याने द्यायला हवा. कोणताही नवा महामार्ग जलमार्गाला छेदत असेल, मग तो जलमार्ग चालू असो वा बंद पडलेला, तर बोटीची वाट आणि तिच्या देखभालीचा निधी रस्त्याच्या मूळ खर्चातच धरलेला असावा. जलमार्ग खात्याच्या लेखी संमतीशिवाय निविदा निघू नये. बंद कालव्याच्या बाबतीत पूर्ण पन्हळ बांधणे त्या क्षणी खरोखर अशक्य असेल तर निदान तिचे आधारखांब, रस्त्याची पातळी आणि दोन्ही काठांची जमीन राखून ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढीला केवळ पन्हळ आणून ठेवावी लागेल. संमती नाकारली तर कारणे प्रसिद्ध करावीत, आणि रस्ते खात्याला ती मान्य नसतील तर त्याने तिसऱ्या, स्वतंत्र प्राधिकरणापुढे जावे. आज हे ओझे उलट बाजूला आहे. कालवा वाचवणाऱ्यांना दरवेळी सिद्ध करावे लागते की पाणी का वाहू द्यावे.